पुठ्ठ्यावरचे थेंब

त्या सकाळी पुठ्ठ्यावर अकरा थेंब होते. मी उकिडवी बसून मोजले आणि परत एकदा मोजले, कारण आबा पायरीवर उभे राहून उत्तराची वाट बघत होते.

"किती?"

"अकरा."

"काल?"

"सात."

आबा खाली उतरले, गाडीजवळ बसले आणि इंजिनाच्या पोटाखालून बोट फिरवून त्यांनी ते माझ्यापुढं धरलं. बोट काळं झालं होतं. लेंग्याला ते पुसत, पॅकिंग नीट बसलेलं नाही एवढंच बोलून ते चहाला आत गेले. मी तिथंच बसून राहिले. गुरुवारला नऊ दिवस उरले होते.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालातली, मार्च महिन्यातली. गडहिंग्लजात आमचं घर होतं, घरात आई, वडील म्हणजे हे आबा, आणि मी, असे आम्ही तिघं. मी तेव्हा बत्तीस वर्षांची, तिथल्याच एका हायस्कुलात गणित शिकवत होते. आबांना सगळा गाव गुंडू मिस्त्री म्हणून ओळखायचा. स्टँडजवळ चौतीस वर्षं त्यांचं मोटारसायकलींचं गॅरेज होतं. सहासष्टाव्या वर्षी त्यांनी ते बंद केलं, सगळी हत्यारं शिष्याला, दस्तगीर नदाफला दिली, आणि स्वतःसाठी एक पेटी पाने आणि ही गाडी ठेवली. साडेतीनशे सीसीची, माझ्या जन्माच्या तीन वर्षं आधीची. ही गाडी स्टँडवर लागल्याचा आवाज मला शाळेच्या मैदानावरून ओळखता यायचा. तिचा एकेक नट मला माहीत होता, कारण लहानपणी पाने मीच हातात द्यायची. चालवायला मात्र आबांनी मला ती कधी दिली नाही.

सगळं सुरू झालं त्याला तीन आठवडे झाले होते. आबा आणि आई नेसरीहून, मावशीच्या घरून परत येत होते. भर दुपार होती, रस्ता मोकळा होता. एका साध्या वळणावर मागचं चाक सरकलं आणि दोघं पडली. गाडी सावकाश होती म्हणून बचावली. आबांचं कोपर सोललं आणि आईच्या डाव्या मनगटाचं हाड मोडलं. एका जीपवाल्यानं त्यांना घरी आणून सोडलं. संध्याकाळी दस्तगीरच्या माणसानं गाडी आणली, तेव्हा मागच्या टायरची एक बाजू ऑइलनं चकचकत होती. इंजिनातनं उडालेलं ऑइल थेट चाकावर जात होतं.

मला वाटलं, हे एवढं झाल्यावर आबा काही दिवस तरी गाडीला हात लावणार नाहीत. पण आठवडाभरात त्यांनी कोपराची पट्टी काढून टाकली आणि नेसरीचा विषय काढला. मावशीच्या नातीचं बारसं होतं, गुरुवारी. मी म्हटलं, एस.टी.नं जाऊ, मीही रजा काढते. आबांना ते पटेना. तीस वर्षं त्या रस्त्यानं गाडीवर गेलेला माणूस आता पिशवी घेऊन स्टँडवर उभा राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मी आईकडं बघितलं. हात गळ्यात बांधलेला, प्लास्टर कोपरापर्यंत. मला वाटलं, ती तरी नको म्हणेल.

आई म्हणाली, "मी बसते मागं. एका हातानं धरून बसते."

मला तिचा राग आला. आयुष्यभर ती त्यांच्या होला हो करत आलीय, हे त्यातलंच, असं मला वाटलं. शेवटी मी आबांना शब्दात धरलं. गाडीखाली रोज रात्री कोरा पुठ्ठा ठेवायचा. गुरुवारी सकाळी पुठ्ठा कोरडा निघाला तर गाडीवर जायचं. एक थेंब दिसला तरी एस.टी. आबांनी माझ्या हातावर हात मारला. दिलेला शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता.

खरं सांगायचं तर मला तेव्हा गळती थांबायलाच हवी होती. गाडी दुरुस्त झाली की भीती गेली, इतकं सोपं होतं माझ्या मनात. गुरुवारी नाही तर पुढं कधीतरी ते गाडी काढणारच होते, आणि आई मागं बसणारच होती. वर्गात फळ्यावर गणित मांडताना मला मध्येच ते वळण दिसायचं. मी न पाहिलेलं. त्यात चाक सरकायचं आणि पुढं काय होतं ते दिसण्याआधी मी खडू घट्ट धरायची.

मग आम्ही बापलेक गळतीच्या मागं लागलो. रोज सकाळी शाळेआधी दीड तास आणि शाळेनंतर उजेड असेपर्यंत. आधी क्लचच्या बाजूचं मोठं झाकण उघडलं. त्याचं पॅकिंग एका कोपऱ्यात चेपलेलं होतं. नवं कापून बसवलं. आबांच्या बोटांना बारीक स्क्रू पकडवत नव्हते, ते मी धरायचे आणि आबा आवळायचे. एकाच बाजूनं आवळायचं नाही, समोरासमोरचे घ्यायचे, थोडे थोडे, हे ते मला दर वेळी सांगायचे. दुसऱ्या दिवशी झाकण कोरडं होतं. पुठ्ठ्यावर पाच थेंब होते.

मग खालचा ड्रेन नट. त्याचा तांब्याचा वायसर आबांनी चुलीवर लालबुंद केला, पाण्यात टाकला, मऊ पडला म्हणाले, आणि बसवला. नट कोरडा झाला. दुसऱ्या दिवशी सिलिंडरच्या बुडाशी ओल. तिथलं केलं, तर हवेच्या नळीच्या तोंडाशी. एक जागा बंद केली की ऑइल दुसरीकडून बाहेर यायचं. आबा चिडत नव्हते, उलट त्यांना हुरूप चढला होता. मलाच झोप येईना. एवढ्या वर्षांत मी त्यांना तिसऱ्यांदा गळती शोधताना बघितलं नव्हतं. एकदा हात लावला की त्यांना ती सापडायची.

शुक्रवारी ते म्हणाले की मुळातलं काम दस्तगीरनं हयगयीनं केलंय. महिन्यापूर्वी इंजिन त्यानंच उघडलं होतं. मला ते पटलं. शाळेतून सुटल्यावर मी तशीच संकेश्वर रोडला त्याच्या गॅरेजवर गेले. दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्यासमोरच बोलले. ज्या माणसानं तुला हातात पाना धरायला शिकवलं त्याच्या गाडीचं काम तू असं करतोस, माझी आई पडली, तिच्या हाताचं हाड मोडलं, उद्या आणखी काही झालं तर तोंड कुठं दाखवशील, असं बरंच. दस्तगीर माझ्याहून चार वर्षांनी मोठा. चौदाव्या वर्षी आबांकडं आला, आमच्याच घरी जेवून मोठा झाला. तो हात पुसत उभा राहिला आणि त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"आणा ताई गाडी," तो एवढंच म्हणाला. "बघतो परत."

त्यानं स्वतःच येऊन ती ढकलत नेली आणि शनिवारी आणून लावली. रविवारी सकाळी पुठ्ठ्यावर एकही थेंब नव्हता. मी पुठ्ठा उलटून बघितला. आबांनी मान डोलावली. बोलल्याशिवाय कळत नाही माणसाला, असं मला दस्तगीरबद्दल वाटलं आणि त्या दिवशी मी दुपारची झोपले.

सोमवारी चार थेंब होते. मंगळवारी चौदा.

मंगळवारी संध्याकाळी आबा देवळाकडं फिरायला गेले होते. गाडीपुढं मी एकटीच होते. गॅरेजात लहानपणी बघितलेली एक गोष्ट मला आठवली. सगळं इंजिन मी रॉकेलनं धुतलं, जुन्या साडीनं कोरडं केलं आणि त्यावर आईची अंगाला लावायची पावडर उधळली. काळं इंजिन पांढरं झालं. मग गाडी चालू केली आणि समोर दगडावर बसून राहिले. पावडर जिथं पहिल्यांदा भिजेल तिथं गळती. आबा गिऱ्हाइकाला म्हणायचे, ती स्वतःच सांगते, आपण गप बसून बघायचं.

पाच मिनिटांत पावडर भिजली. क्लचच्या झाकणाला वर, सिलिंडरच्या बुडाशी, ड्रेन नटाच्या कडेनं आणि हवेच्या नळीच्या तोंडाशी. चारही ठिकाणी, जवळजवळ एकाच वेळी. आम्ही नवी केलेली ठिकाणं आणि जुनी ठिकाणं, सगळी सारखीच.

मी गाडी बंद केली. एका जागी गळतं तेव्हा ती जागा वाईट असते. सगळीकडून गळतं तेव्हा आतच काहीतरी जास्त झालेलं असतं. हेही आबांचंच. मी ऑइलच्या झाकणाची पट्टी काढली, पुसली, बुडवली, वर काढली. पट्टीवर ऑइलची खूण वरच्या रेघेच्या कितीतरी वर होती. पट्टीच्या मुठीपर्यंत ऑइल होतं.

मी घमेलं आणलं आणि ड्रेन नट उघडला. आलेलं ऑइल दुधाच्या मापानं मोजलं. रेघेपर्यंत भरायचं तर दोन लिटर आणि वर थोडं एवढंच लागतं. ते साडेतीन लिटरच्या वर भरलं. आणि गाडी तर चार आठवडे उभीच होती. घरापुढंच चालू व्हायची आणि घरापुढंच बंद व्हायची.

पहिल्यांदा मला वाटलं की हे दस्तगीरनं केलं. मग वाटलं, गल्लीतलं कुणी खोडसाळपणा करतंय. मी रेघेपर्यंत ऑइल परत भरलं, पट्टी पुसून लावली आणि कुणाला काही बोलले नाही. बुधवारी शाळेला अंग दुखतंय म्हणून कळवलं. घरात, खिडकीतून गाडी दिसते अशा जागी वह्या तपासायला बसले.

साडेआठला आबा चहा पिऊन बाहेर आले. पट्टी काढून बघितली, कोनाड्यातला डबा आणला, नरसाळं लावलं आणि ऑइल घातलं. फडक्यानं कडा पुसल्या, फडकं खिळ्याला अडकवलं. मला हसूच आलं. पट्टी बघूनही अंदाज चुकला, म्हातारपण, एवढंच ना, असं वाटलं. मी उठून सांगणारच होते. पण शेजारचे कुणी बोलवायला आले आणि आबा त्यांच्याबरोबर गेले.

साडेनऊला ते परत आले, गाडीशी थांबले. खिडकीतून आईला म्हणाले, "अगं, आज ऑइल बघितलंच न्हाई मी."

आबांनी डबा आणला, नरसाळं लावलं. ह्या वेळी पट्टी नुसती काढली आणि पुसून लावली, बघितली नाही. कडा पुसल्या. फडकं खिळ्याला अडकवलं.

अकरा वाजता त्यांनी परत डबा आणला.

माझ्या हातातल्या वहीवर लाल पेनाची एक लांब रेघ उमटली होती, ती मला नंतर दिसली. मी स्वयंपाकघरात गेले. आई एका हातानं भाकरी थापायचा प्रयत्न करत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पीठ खाली ठेवलं.

"बघितलंस?" ती म्हणाली.

तिला दिवाळीपासून माहीत होतं. आधी बारीकसारीक. एकच पिशवी भाजी दोनदा आणली. माझ्या चुलतभावाचं लग्न झालेलं विसरले. मग एकदा नेसरीहून येताना फाट्यावर थांबले आणि तिला विचारलं, कुठं वळायचं. तिला वाटलं चेष्टा करतात. ती म्हणाली डावीकडं, ते डावीकडं वळले. पुढच्या वेळी ती आधीच बोलायला लागली. इथं डावीकडं बरं का. आता पूल येईल.

"म्हणून तू बसत होतीस," मी म्हटलं.

"मी मागं बसते म्हणून ते घरला येतात," आई म्हणाली. "एकटं सोडलं तर कुठं जातील?"

मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस. तिनं प्लास्टरवरचं पीठ झटकलं. तू सांगितलं असतंस त्यांना, ती म्हणाली, तू गप्प बसणाऱ्यातली नाहीस. आणि त्यांना कळलं असतं तर ते अंथरूण धरून बसले असते.

मी चपला घातल्या आणि दस्तगीरकडं गेले. तो कुणाची तरी चेन लावत होता. ह्या वेळी गिऱ्हाईक जाईपर्यंत मी थांबले. मग विचारलं, शनिवारी तू नेमकं काय केलंस.

"जादाचं काढून टाकलं," तो म्हणाला. "दर वेळी तेच करतो ताई. चारेक महिने झाले."

"मग मी एवढं बोलले तेव्हा का नाही सांगितलंस? गिऱ्हाइकांसमोर बोलले मी."

"काय सांगणार? वस्ताद, तुम्हीच चुकताय म्हणून? तुम्ही बोलला ते बरंच झालं. माझ्या कामाला बोल लागला. त्यांच्या न्हाई."

मी त्याच्या बाकावर बसले. त्यानं मला पाणी दिलं. आई पडली त्या दिवसापासून आपणही रोज त्या पडण्याचाच विचार करतोय, तो म्हणाला. ती पडली त्याच्या आदल्या आठवड्यात ऑइल काढायला दोन दिवस उशीर झाला होता त्याला. संध्याकाळी येऊन तो जादाचं ऑइल काढून गेला. आबा त्याच्याशी पावसापाण्याचं बोलले, त्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली, सगळं व्यवस्थित. ऑइलचा डबा मी धान्याच्या कोठीमागं लपवला.

मग माझ्या लक्षात आलं की आता पुठ्ठा कोरडा निघणार.

गुरुवारी मी पाचला उठले. पुठ्ठा ओढून बघितला. स्वच्छ. आत आबांची आंघोळ चालली होती. आईनं बारशाचं लुगडं काढून ठेवलं होतं आणि त्याची घडी एका हातानं उलगडत होती. मी शब्द दिला होता. नऊ दिवस जिवाचं रान करून जी गोष्ट मागत होते ती माझ्यापुढं जमिनीवर पडली होती, आणि मला फक्त नेसरीचा फाटा दिसत होता, तिथं थांबलेली गाडी, आणि तिच्या मागं एका हातानं धरून बसलेली आई.

मी कोठीमागून डबा काढला. काडी बुडवली आणि पुठ्ठ्यावर तीन थेंब सोडले. इंजिनाच्या बरोबर खाली, जिथं रोज पडायचे तिथं. पुठ्ठा परत सरकवला. डबा परत कोठीमागं ठेवला.

आबा बाहेर आले तेव्हा त्यांनी धुतलेला सदरा आणि टोपी घातली होती.

"किती?"

"तीन," मी म्हटलं.

ते पुठ्ठ्याजवळ आले. मग खाली बसले, टोपी काढून पायरीवर ठेवली आणि इंजिनाच्या पोटाखालून बोट फिरवलं. बोट कोरडं होतं. त्यांनी तेच बोट पुठ्ठ्यावरच्या थेंबावर टेकवलं, अंगठ्यानं चोळलं आणि उजेडात धरलं.

"हे इंजिनातलं न्हाई," ते म्हणाले. "इंजिनातलं काळं असतंय. हे मधासारखं हाय. डब्यातलं." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कुणी टाकलं?"

त्या क्षणी मला वाटलं की आई, दस्तगीर, मी, आम्ही सगळेच चुकलोय. ज्या माणसाला एका थेंबावरून एवढं कळतं त्याला काय झालं असणार.

"मी टाकलं."

"का?"

आई दारात येऊन उभी राहिली होती. तिनं मला डोळ्यांनी नको म्हटलं. पण आबा माझ्याकडं बघत होते, एखाद्या गाडीचा आवाज ऐकताना बघायचे तसे, आणि त्या नजरेला मी आयुष्यात कधी खोटं सांगू शकले नव्हते.

"आबा, गळती पॅकिंगची न्हाई. ऑइल जास्त होतंय. तुम्ही दिवसातनं तीन-चार वेळा घालताय. घातल्यालं विसरताय."

ते हसले. मग त्यांनी आईकडं बघितलं आणि ते हसू हळूहळू गेलं.

"तुला ठावं हुतं?"

"तुम्ही फाट्यावर इचारत हुता," आई म्हणाली. "मी सांगत हुते. त्यात काय एवढं."

आबा पायरीवर बसले. गल्लीतून दूधवाला गेला, त्यानं रामराम घातला, आबांनी त्याला रामराम घातला. मग त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. कधीपासून. रोज की मधनंमधनं. सकाळी जास्त की संध्याकाळी. ऑइल सोडून आणखी काय. गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं की ते जसे विचारायचे अगदी तसेच, एकेक, शांतपणे, आणि मी एकेकाचं उत्तर दिलं. दस्तगीरला माहीत आहे का, हे त्यांनी सगळ्यात शेवटी विचारलं. मी हो म्हटलं. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान खाली घातली.

मग ते उठले. पेटीतून प्लगचा पाना काढला, टाकीखाली हात घातला आणि प्लग खोलला, ज्याच्याशिवाय गाडी चालूच होत नाही तो. फडक्यानं पुसला. सवयीनं डोळ्यापुढं धरून त्याची फट बघितली. मग माझा हात ओढून प्लग त्यात ठेवला आणि माझी बोटं मिटली.

"ह्यो ठेव," ते म्हणाले. "मी मागीन. वराडीन बी. द्यायचा न्हाई. दस्तगीरला सांग, दुसरा द्यायचा न्हाई. आता सांगतोय तेवढं ध्यानात धर, माले. परत सांगायला माझ्या ध्यानात ऱ्हाईल, न ऱ्हाईल."

आम्ही तिघं एस.टी.नं नेसरीला गेलो. आबा खिडकीशी बसले होते. बारशाला त्यांनी बाळाच्या हातावर अंगठा ठेवला आणि तिनं तो धरल्यावर सगळ्यांना बोलावून दाखवलं. मावशी म्हणाली, भाऊजींची तब्येत छान आहे.

चार वाजता घरी आलो. मी आत साडी बदलत होते. बाहेर किक मारल्याचा आवाज आला. मग परत. मग परत. मी खिडकीशी गेले. आबा गाडीवर उभे राहून सगळं वजन टाकून किक मारत होते. थांबले, खाली उतरले, वाकून बघितलं.

"माले," त्यांनी हाक मारली. "प्लग कुणी काढला?"

आई भिंतीला टेकून उभी होती. ती माझ्याकडं बघेना. प्लग माझ्या पर्समध्ये होता. मी तशीच बाहेर गेले.

"मी काढला, आबा."

ते कितीतरी वेळ बोलले. बापाच्या गाडीला हात लावायला तुला कुणी सांगितलं, दोन बुकं शिकलीस म्हणून स्वतःला मिस्त्री समजतेस का, असं काय काय. शेजारच्या बायका दारात आल्या. मी खाली मान घालून उभी राहिले आणि प्लग दिला नाही. रात्री ते जेवताना माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र माझ्याशी हसले, चहा झाला, बाहेर गेले, आणि हाक मारली.

ते दीड वर्ष चाललं. रोज सकाळी चहा झाला की. कधी रागानं, कधी नुसतंच कुतूहलानं, आणि एकदा असे रडवेले होऊन की आई म्हणाली, देऊन टाक. मी दर वेळी तेच सांगितलं. दस्तगीर दर रविवारी यायचा, गाडी पुसायचा, त्याच्यावरही ते ओरडायचे आणि तोही ऐकून घ्यायचा. पुढं पुढं त्यांना दस्तगीरचं नाव आठवेना, पण वस्ताद म्हटलं की ते वळून बघायचे.

मग भाद्रपदातल्या एका सकाळी आबांनी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि बाहेर आले. गाडीकडं वळलेही नाहीत, पायरीवर बसून रस्त्याकडं बघत राहिले. मी दप्तर भरून दारात उभी होते. हाक आली की द्यायचं उत्तर तोंडाशी तयार होतं. दहा वाजले, साडेदहा वाजले. आई म्हणाली, तुला उशीर होतोय. मी म्हटलं, थांब जरा.

त्या दिवशी माझे पहिले दोन तास बुडाले.